बानाबाईची शिकवणी

त्या साली सिल्लोडकडं माघातच विहिरींचे तळ दिसायला लागले. बानाबाईनं आपल्या साठ शेळ्या धाकट्या दिराच्या, सांडूच्या हवाली केल्या. तो कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात निघाला आणि बानाबाई बजाजनगरला लेकाकडं आली. लेक अजिनाथ कंपनीत कामाला होता. सून ज्ञानेश्वरी एका खाजगी दवाखान्यात आया होती, सहा वर्षांपासून कायम रातपाळीला.

सून सकाळी घरी यायची, लेकीला, प्रांजलीला शाळेत धाडायची, जरा डोळा लागतो तोच गल्लीत पाण्याचा टँकर यायचा आणि ती हंडे घेऊन पळायची. आठवडाभर बानाबाईनं हे बघितलं. मग टँकरपुढं ती स्वतः उभी राहायला लागली.

"तू नीज," ती सुनेला म्हणाली. "पाण्याचं मी बघते."

एका सकाळी ज्ञानेश्वरी भाकरी पुढ्यात घेऊन नुसतीच बसून राहिली. बानाबाईनं विचारलं तेव्हा सांगायला लागली, "आमच्या मेट्रन शैलाताईंनी आज पाळी सुटताना समद्या बायांला थांबवलं. म्हणल्या, वर्षानुवर्षं रातपाळी करणाऱ्या बायांला छातीच्या कॅन्सरचा धोका जरा जास्त असावा, असा डॉक्टर लोकांला संशय हाय. पक्कं अजून कुणी सांगत नाय. पण आपल्या अंगाकडं ध्यान ठेवा. शनिवारी फुकट तपासणी हाय."

"मग जाणार ना?"

"कुणीच नाव नाय दिलं, आत्याबाई. समद्या खाली बघत व्हत्या. गीताबाई तर म्हणल्या, अठरा वर्षं रातपाळी केली, मला काय धाड भरलीय?"

"अन् तू?"

"मला लाज वाटती."

बानाबाई उठली आणि तिनं दाराला कडी लावली. "माझ्या साठ शेळ्या. एकेकीच्या कासंला रोज हात लावून बघते. बोटाला जरा कडक लागलं की कळतं, हितं बिघडलंय. दुखायच्या आधी कळतं. शेळीची काळजी करायची अन् बाईची नाय, ही कुठली रीत?"

बोटं सपाट ठेवून, गोल फिरवत, काखेपर्यंत कसं चाचपायचं ते तिनं सुनेला दाखवलं. ज्ञानेश्वरीला इतकं हसू आलं की तिला खाली बसावं लागलं. हाताला काही लागलं नाही. "तरी डॉक्टरला दाखव," बानाबाई म्हणाली. "माझी बोटं शेळ्यांवर शिकलेली हायेत."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पाळी सुटायच्या वेळेला बानाबाई शेअर रिक्षानं दवाखान्यात हजर झाली. शैलाताईंनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "मी चांगली अर्धा तास बोलले, एकीनं मान वर केली नाही. तुम्ही बघा बोलून."

चादरींच्या खोलीत चौदा बायका दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. बानाबाईनं शेळ्यांपासून सुरुवात केली. कुठली शेळी हात लावू देते, कुठली लाथ मारते, हे ती इतक्या गंभीरपणे सांगत होती की बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या. मग एकेकीनं पदराआड हात नेला.

गीताबाईंचं हसू मधेच थांबलं. बाकीच्या निघून गेल्यावर त्या बानाबाईजवळ आल्या. "मला लागतंय काहीतरी. हरभऱ्याएवढं."

"उद्या जायचं," बानाबाई म्हणाली. "मी येते संगं."

शनिवारी चौदाही जणी गेल्या. ज्ञानेश्वरीसकट तेरा जणींना डॉक्टरांनी काही नाही म्हणून घरी पाठवलं. गीताबाईंच्या छातीचा मशीनवर फोटो काढला, सुई घालून नमुना घेतला. आठ दिवसांनी कळलं, कॅन्सर होता. लहान होता, कुठं पसरला नव्हता.

"रातपाळीनंच झाला का हो?" गीताबाईंनी डॉक्टरला विचारलं.

"ते कुणालाच सांगता येणार नाही. पुष्कळ कारणं असतात. पण तुम्ही वेळेत आलात."

गाठ काढली. पुढं पाच आठवडे शेक, म्हणजे किरणांचे उपचार होते, रोज शहरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात. गीताबाईंचा नवरा आणि मुलगा कामावर जायचे, म्हणून सोबतीला बानाबाई. बाकावर नंबर येईपर्यंत ती शेळ्यांच्या गोष्टी सांगायची. महिन्याभरात तिथल्या बायकांना साठातल्या वीस शेळ्या नावानिशी माहीत झाल्या. एखाद्या दिवशी तिला उशीर झाला तर कुणीतरी विचारायचंच, "शेळ्यावाली आजी नाय आली?"

शैलाताई इकडं दवाखान्याच्या मालक डॉक्टरांशी पाळ्यांवरून महिनाभर भांडत होत्या. शेवटी डॉक्टर कबूल झाले आणि शैलाताईंनी पाळ्यांचा नवा तक्ता लावला. कायमची रातपाळी कुणालाच नाही, सगळ्यांनी आळीपाळीनं करायची, आणि गीताबाईंना दिवसपाळी. ज्ञानेश्वरीनं तो तक्ता दोनदा वाचला. घरी येऊन अजिनाथला म्हणाली, "पुढचा महिनाभर मी रातच्याला घरी हाय." अजिनाथ म्हणाला, "मग घोरायचं मी आता कुठं?" तिनं त्याला लाटणं दाखवलं.

पाऊस उशिरा आला, पण आला. शेळ्या घेऊन परतल्याचा सांडूचा निरोपही आला. बानाबाई मात्र दसऱ्यापर्यंत थांबली, कारण गीताबाईंनी हट्ट धरला होता. नवरात्रातली कर्णपुऱ्याची जत्रा त्यांनी अठरा वर्षांत कधी संध्याकाळची पाहिली नव्हती. दिवे लागायच्या वेळेला त्या डबा घेऊन कामावर निघालेल्या असायच्या.

सातव्या माळेला ज्ञानेश्वरी आणि प्रांजलीसकट चौघी गेल्या. देवीचं दर्शन झालं, प्रांजलीला बांगड्या घेतल्या. मग गीताबाई थेट मोठ्या पाळण्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. बानाबाई नको नको म्हणत त्यांच्या शेजारी बसली आणि पाळणा हलताच तिनं डोळे गच्च मिटले.

वर पोचल्यावर पाळणा थांबला. खाली सगळी जत्रा आणि पलीकडं लांबपर्यंत शहराचे दिवे.

"डोळे उघडा की, बानाबाई."

"तूच बघ. अन् मला सांग."

मग गीताबाई सांगायला लागल्या. ती स्टेशनची बाजू असंल, तिकडं वाळूजच्या कंपन्या, तो लाल दिवा कशाचा कुणास ठाऊक. पाळणा खाली येईपर्यंत त्या बोलत राहिल्या. बानाबाईनं सुटकेचा श्वास टाकून पाय खाली ठेवला, तोवर गीताबाईंनी पुढं होऊन आणखी दोन तिकिटं काढली होती.