राजाचं वजन

भोकरदनच्या बाजारात रतनलालशेठची आडत होती, आणि तालुक्याच्या बुद्धिबळ मंडळाचे अध्यक्षही तेच. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. रोज काहीतरी नवं निघत होतं. परदेशात बुद्धिबळ खेळणारं यंत्र निघाल्याचं शेठजींनी पेपरात वाचलं आणि पंधरा दिवसांत आपलं यंत्र उभं केलं: आडतीतला जुना तराजू. प्याद्याला एक तोळा, उंट-घोड्याला तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ. आपलं जाईल ते एका पारड्यात, समोरच्याचं मिळेल ते दुसऱ्यात. मिळकतीचं पारडं खाली गेलं की खेळी बराबर.

यंत्राच्या परीक्षेला मंडळातल्या कडूबा शेतकऱ्याचा डाव निवडला. पोळ्याला त्यानं वजीर फुकट देऊन पुढच्याच खेळीला हत्तीनं मात केली होती. त्या डावावरच औरंगाबादच्या सामन्यांसाठी त्याचं नाव लागलं होतं. त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, तर त्याचं धोतरही धुऊन ठेवलं होतं.

बाजारच्या दिवशी ओट्यावर पट मांडला. द्वारकाबाई मिठाची पिशवी घेऊन खांबाला टेकून उभी राहिली. मुनीम हीरालाल सकाळपासून एकेक खेळी तोलत होता. दुपारी त्यानं निकाल सांगितला.

"प्यादं मारलं तर एक तोळा फायदा. वजीर दिला तर नऊ तोळे घाटा."

"मंग तराजू चुकला," कडूबा म्हणाला.

"तराजूला ना राग ना लोभ. तो कसा चुकंल? तू चुकला," शेठजी म्हणाले.

"पण मात झाल्ती, शेठजी."

"चुकून झाल्ती."

मंडळानं डाव रद्द धरला आणि कडूबाचं नाव खोडलं.

द्वारकाबाईला राहवलं नाही. शेतात दुपारच्या सावलीला नवऱ्याबरोबर ती खेळत आली होती.

"शेठजी, राजाचं वजन किती?"

"राजाला कुणी मारतच न्हाई, बाई. वजन कशाला ठेवायचं?"

"मंग मात झाल्यावर पारड्यात काय पडतं?"

हीरालालनं पारड्यात वाकून पाहिलं. "काहीच न्हाई."

मंडळाचं या उत्तरानं समाधान झालं. औरंगाबादला तराजूच पाठवायचं ठरलं. मात्र तो होता जड. खांद्यावर न्यायला आणि पटावर सोंगट्या हलवायला माणूस हवा होता. शेठजींनी कडूबाकडे बघितलं. कडूबा टोपी झटकून घरी जायला उठला.

द्वारकाबाई हळूच म्हणाली, "जा की औरंगाबादला. सोंगट्या तुम्हीच हलवणार हायेत न्हवं?"

कडूबा परत बसला.

निघताना तिनं बांधावरचा एक काळा दगड त्याच्या भाकरीच्या फडक्यात घातला. "हे राजाचं. ठेवत जा पारड्यात."

औरंगाबादला कडूबा दर खेळीला दोन-चार वजनं पारड्यात टाकायचा आणि मनातली खेळी खेळायचा. वजीर द्यायची वेळ आली की दुसऱ्या पारड्यात दगड. पारडं धाडकन खाली जायचं. बघणारे माना डोलवायचे. पाच डावांत त्यानं दोनदा वजीर दिला आणि ढाल आणली.

शेठजींनी तराजूला हार घातला. मग ढालीवर कोरलेलं नाव वाचलं: कडूबा. औरंगाबादवाल्यांनी पटापुढं बसलेल्या माणसालाच नाव विचारलं होतं.

आडतीतल्या वजनांत तो काळा दगड पुढं कैक वर्षं होता. हा किती तोळ्यांचा, असं कुणी विचारलं की हीरालाल सांगायचा, "द्वारकाबाईला विचारा."