लोडाला पाय लावू नये

मित्रांनो, मी एक जुना लोड आहे. जुना म्हणा, चालेल. आतला कापूस बसलाय म्हणा, तेही खरंच आहे. पण 'आता हा काय कामाचा' असं कुणी म्हटलं, की मला राग येतो. कामोठ्याच्या या घरात मी काय केलं ते आधी ऐका आणि मग माझी किंमत करा.

मला भरून घेतलं सितारामांनी. ते तळोज्याच्या एका कारखान्यात कामाला होते, मूळचे माणगावकडचे. लहानपणी वडिलांबरोबर गावातल्या मोठ्या घरी निरोप पोचवायला जात, तेव्हा ओटीवरची माणसं लोडाला टेकून बसलेली असत आणि हे दोघे खाली अंगणात उभे. ते दृश्य ते कधी विसरले नाहीत. कामोठ्यात स्वतःचा फ्लॅट झाला, तेव्हा लोक सोफा घेतात, हे गेले पनवेलच्या गादीवाल्याकडे. समोर बसून कापूस पिंजून घेतला आणि म्हणाले, "ठासून भरा. आमचं माणूस टेकलं, तर लोड मागं सरकता कामा नये."

घरी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि गावाहून आलेल्या म्हाताऱ्या चुलत्यांना त्यांनी मला टेकून बसवलं. स्वतः दारात उभे राहून नुसते बघत होते. त्यांच्या बायकोनं, वेणूबाईंनी, त्याच दिवशी घराला कायदा घालून दिला: लोडाला पाय लावायचा नाही. चुकून लागलाच, तर मला हात लावून तो कपाळाला लावायचा. पुढे सिताराम वारले, पण कायदा राहिला. मुलगा सुगत पाळायचा, सून शालनही पाळायची. मीही तोऱ्यात असायचो, खोटं कशाला सांगू?

शालन जवळच्याच एका प्रसूतिगृहात नर्स. बाळंतीण आणि तिचं बाळ, एवढंच तिचं जग. मग कोरोनाची साथ आली आणि प्रसूतिगृहाला आदेश आला की अर्ध्या खाटा कोरोनाच्या रुग्णांना द्या. श्वास अडकलेल्या माणसाचं काय करायचं हे तिथे कुणाला माहीत होतं? म्हणून नर्सांचं प्रशिक्षण सुरू झालं, तेही मोबाइलवर, कारण एकत्र जमायला बंदी होती. शिकवणार होत्या क्षिप्रा मॅडम, अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर.

लोक म्हणतात, मोबाइलवर असलं काही शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. म्हणोत बापडे. मी त्या वर्गात पेशंट होतो, तेव्हा मला विचारा.

वर्गाची रीत अशी होती, की सगळ्यांचे कॅमेरे बंद आणि आवाजही बंद. हजेरी म्हणून 'गुड इव्हिनिंग मॅम' लिहायचं आणि गुलाबाचं फूल पाठवायचं. कुणी तिकडे पोळ्या लाटत असे, कुणी बसल्या बसल्या झोपी जाई. त्यांना मी हसणार नाही. दिवसभर प्लास्टिकच्या पोशाखात घामानं निथळून आलेल्या बायका त्या. शेवटच्या परीक्षेची उत्तरं कुणीतरी ग्रुपवर टाकायचं आणि सर्टिफिकेट सगळ्यांनाच मिळायचं.

शालनला ते पुरेना. "उद्या श्वास लागलेला खरा माणूस पालथा करायचा आहे. सर्टिफिकेट येणार आहे का हात लावायला?" असं म्हणून तिनं मला उचललं आणि हॉलच्या मधोमध चादरीवर आडवं केलं. फडक्यांनी बांधून मला मान केली, कंबर केली, पायही केले.

वेणूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अगं, ह्यांचा लोड हाय तो. पाव्हणं टेकतात त्याला. भुईवर काय लोळवतेस?"

"आई, घरात एवढं जड दुसरं काय आहे? नाहीतर तुम्ही झोपा."

"मी कशाला झोपू? मला काय धाड भरलीय?"

पण त्यांनी मला उचलून नेलं नाही. दारात बसून तांदूळ निवडत राहिल्या आणि बघत राहिल्या.

मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवलेला होता. क्षिप्रा मॅडमनी पेशंटला पालथं कसं करायचं ते चित्रांवरून सांगितलं आणि विचारलं, "आता कुणी करून दाखवेल का?" उत्तर म्हणून नुसते अंगठे आणि गुलाब.

"नको ना शालन," सुगत कुजबुजला. "सगळ्यांसमोर शोभा होईल. टेन्शन कशाला घेतेस?"

"तू चादरीचं ते टोक धर," ती म्हणाली आणि तिनं कॅमेरा चालू केला.

दोघांनी मला छान पालथं केलं. मग शालननं उशी घेतली आणि सरळ माझ्या पोटाखाली सारली.

"थांबा सिस्टर," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही प्रसूती विभागात आहात का?"

"हो मॅडम."

"वाटलंच. पोटाला आधार द्यायला तुमचा हात आपोआप जातो. इथे उलटं आहे. एक उशी छातीखाली, एक कमरेच्या हाडांखाली, आणि पोट मोकळं. पोट दाबलं गेलं, तर श्वास खाली मावणार कुठे?"

शालनचा चेहरा पडला. पण तेवढ्यात मोबाइलवर एक कॅमेरा उघडला, मग दुसरा. एक बाई म्हणाली, "मॅडम, मी पण बाळंतिणींकडेच असते. मीही तिथेच ठेवली असती." बघता बघता पडदा चेहऱ्यांनी भरला. जी ती घरातली वळकटी नाहीतर गाठोडं ओढून आणू लागली. फूल पाठवून ही चूक कुणाला कळली असती का, तुम्हीच सांगा. त्या संध्याकाळी शालननं मला इतकं उलथंपालथं केलं, की माझी एक शिवण उसवली. उसवू दे, म्हटलं.

दुसरी लाट आली तेव्हा वेणूबाई आजारी पडल्या. भर दुपारी त्यांचा श्वास लागला. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा घसरू लागला. खाट कुठेच मिळेना, अॅम्ब्युलन्सवाले 'येतो, येतो' म्हणत होते. सुगतच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारची दारं बंदच होती. मी भिंतीशी उभा होतो, आणि जिनं मला इतकी वर्षं जपलं ती माझ्यासमोर श्वासाला महाग झाली होती. मला फार भीती वाटली.

"फोन ठेव. टोक धर," शालन म्हणाली.

सुगतनं धरलं. त्याला सगळं येत होतं. माझ्यावरच शिकला होता. दोघांनी वेणूबाईंना अलगद पालथं केलं, मान एका बाजूला वळवली. शालननं पहिली उशी घेतली. तिचा हात सवयीनं पोटाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"पोट मोकळं," ती मोठ्यानं म्हणाली. एक उशी छातीखाली गेली, दुसरी कमरेखाली. आता नडग्यांखाली काहीतरी हवं होतं आणि घरातल्या उशा संपल्या होत्या. तिनं मला ओढलं.

"नको," वेणूबाई धापा टाकत म्हणाल्या. "पाय... पाय नको लावूस त्याला."

सुगत थबकला. शालन नाही थबकली. "आई, बाबांनी तो आपल्या माणसांसाठी भरलाय. ठेवा पाय."

आणि मी वेणूबाईंच्या पायांखाली गेलो. कमीपणा वाटला का? मुळीच नाही. टेकलेलं माणूस मागं सरकू द्यायचं नाही, एवढंच मला सितारामांनी शिकवलं होतं. मी सरकलो नाही. हळूहळू तो आकडा थांबला, मग थोडा चढला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत वेणूबाई तग धरून होत्या, आणि पुढे हॉस्पिटलातून बऱ्या होऊन घरी आल्या.

मित्रांनो, मला जपा, ऊन दाखवा, असं रडगाणं मी गाणार नाही. मी एवढंच सांगेन, की शिकायला बसलात तर कॅमेरा चालू ठेवा. हसणारे हसतील. चूक चारचौघांत झाली तर ती लोडावर होते. झाकून ठेवली तर माणसावर होते.

आता घरात सोफा आला आहे. सुगत मला भंगारात देणार होता, वेणूबाईंनी देऊ दिलं नाही. परवा गावाकडचे पाहुणे आले, तर या खुशाल माझ्यावर एक पाय ठेवून बसलेल्या.

"वहिनी, लोडाला पाय लावता?" पाहुण्यांनी विचारलं.

"लावते तर," वेणूबाई म्हणाल्या. "आमचाच हाय." आणि त्यांनी दुसराही पाय वर घेतला.