वरची तार

सोमवारी सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता नवरा म्हणाला, "रविवारी अकरा वाजता एक बाई येणार आहेत. व्हायोलिन बघायला."

"बघायला म्हणजे?"

"विकत घ्यायला. विकतोय मी ते."

एवढं बोलून त्याने पिशवी उचलली आणि तो जिना उतरून गेलासुद्धा. ती हातातलं फडकं तसंच धरून दारात उभी राहिली.

व्हायोलिन त्याच्या मामाचं. मामाने तीस वर्षं एका नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात वाजवलं. स्वतःला मूलबाळ नव्हतं, म्हणून भाच्याला आठव्या वर्षापासून पुढ्यात बसवून शिकवलं. भाचा काही वादक झाला नाही. तो पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर लागला आणि एकतीस वर्षांत त्याच विभागाचा फोरमन झाला. वाजवणं उरलं ते वर्षातून चार-पाच वेळा. पण त्या चार-पाच वेळांचा थाट असा, की आदल्या दिवशी नखं कापायची, पेटी उघडण्याआधी हात धुवायचे, आणि तारा सुरात लागेपर्यंत घरात कुणी चमचासुद्धा वाजवायचा नाही. कान इतका तिखट, की रेडिओवरची गाणारी जराशी घसरली तरी हा कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून उठून जायचा. असा माणूस व्हायोलिन विकतो म्हणतोय, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

संध्याकाळी तिने विषय काढला. तो समोर बसून जेवत होता, नजर तिच्या तोंडावर.

"पैशांची काही अडचण आहे का?"

"नाही गं. पडून आहे नुसतं. दीड वर्षात हात लावलेला नाही."

"आधीही कुठे रोज वाजवत होतात? तेव्हा नाही सुचलं विकायचं?"

"आता सुचलं."

"मामांचं आहे ते."

"मामा नाही राहिला," तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला.

बुधवारी तिने लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात नोकरी करायची. "बाबा तुला काही बोलले का?"

"बोलतील कशाला? फोन घेतच नाहीत माझा," लेक म्हणाली. "नुसते मेसेज. मला वाटलं, रागावलेत माझ्यावर. मीही मग लावणं बंद केलं."

त्याच दिवशी धुण्यात टाकायची पँट झटकताना खिशातून रुग्णालयाची चिठ्ठी पडली. नवऱ्याचं नाव, गेल्या महिन्यातली तारीख, दुसरा मजला, खोली एकवीस. बाकी काही नाही. त्या तारखेला तो घरी उशिरा आला होता आणि कारखान्यात माल मोजायचा होता असं म्हणाला होता. तिला चांगलं आठवत होतं.

दोन दिवस तिने काय काय कल्पना केल्या, त्या तिच्या तिलाच ठाऊक. खोली एकवीस कशाची, हे विचारायला तिने दोनदा फोन उचलला आणि दोनदा खाली ठेवला. माणूस जाण्याआधी आवरासावर करतो, मागे काही ठेवत नाही, असं तिने ऐकलेलं होतं. ते डोक्यातून हलेना.

शुक्रवारी तिने मनाचा हिय्या केला. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर वाचत बसला होता. ती नळाखाली भांडी घासत होती. त्याच्याकडे बघत विचारायची छाती होईना, म्हणून पाठ करूनच तिने विचारलं, "तुम्ही आजारी आहात का? काय असेल ते सांगा. मी घट्ट आहे."

मागून काहीच उत्तर आलं नाही. मग पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

तिने भांडं खळकन आपटलं, नळ बंद केला आणि ती बाहेर निघून गेली. त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. तोही बोलला नाही. शनिवारी दुपारी त्याने दार लावून घेतलं आणि आत व्हायोलिनच्या तारा लावल्या. एरवी पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला तास लागला.

रविवारी बरोबर अकराला बाई आल्या. तिशीच्या असतील. शहरातल्या वाद्यवृंदात वाजवायच्या. स्वतःचं व्हायोलिन पडून चिरलं होतं आणि दोन महिन्यांवर मोठा कार्यक्रम होता. बोलायला मोकळ्या होत्या, पण पेटी उघडल्यावर एकदम गप्प झाल्या. वाद्य उजेडात धरलं, मागची पाठ पाहिली, बोटाने हळूच ठोकून पाहिलं.

"कुणी तरी जिवापाड सांभाळलंय," त्या म्हणाल्या.

"मामाने," तो म्हणाला.

त्यांनी गज तारांवर टेकवला आणि खालच्या तारेवरून सुरुवात केली. खोली भरून गेली. तिला संगीतातलं फारसं कळत नसे, पण तिच्याही अंगावर काटा आला. मग सूर वर वर चढत सगळ्यात वरच्या तारेवर गेला, आणि तिने नकळत दात आवळले. पाटीवर नख ओढावं तसा आवाज. बाईंनी हात थांबवला. मान खाली घालून, खुंटीकडे बघत त्यांनी विचारलं, "ही वरची तार तुम्ही मुद्दाम अशी उतरवून ठेवता का?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. रेडिओवरच्या गाणारीला न सोडणारा हा माणूस खुर्चीत ताठ बसून हसत होता.

"हो ना," तो म्हणाला. "फार गोड आहे."

बाई गोंधळल्या. हिने मात्र ते हसू आधी पाहिलं होतं.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. बावीस वर्षांत तिने एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. ज्याला दिसत नाही, तो माणूस दिसत नाही असं म्हणत नाही. वाहनाचा परवाना हवा असलेले आजोबा आधीच्या माणसाच्या मागे उभं राहून अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात आणि धडाधड म्हणून दाखवतात. त्यांना पकडायचं तर तक्ता फिरवायचा. आजोबा जुनीच अक्षरं म्हणतात, आणि चेहऱ्यावर हसू कसं, तर अगदी हेच.

ती उठली. खिडकी लावायला निघाल्यासारखं दाखवत त्याच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, तुमच्या शर्टाला आग लागली आहे."

तो हलला नाही. बाई गज हातात धरून आळीपाळीने दोघांकडे बघत राहिल्या.

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला. "जरा आत या," ती त्याच्या समोर येऊन म्हणाली.

स्वयंपाकघराचं दार तिने लोटून घेतलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मघाशी मी तुमच्या मागे उभी राहून काय म्हणाले?"

तो तिच्या ओठांकडे बघत होता. गेलं वर्षभर तो असाच बघत होता, हे तिच्या आता लक्षात आलं. "चहाचं विचारलंस," तो म्हणाला.

"तुमच्या शर्टाला आग लागली म्हणाले."

त्याने खरोखरच शर्टाकडे पाहिलं. मग खाली स्टुलावर बसला.

"दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "आधी वाटलं तारा मेल्या. नवीन आणल्या. त्याही तशाच. परत आणल्या. तिसऱ्यांदा त्या दुकानदाराशी भांडलो, सगळ्यांसमोर त्याला चोर म्हणालो. घरी येऊन चढवल्या, वाजवलं, आणि मग कळलं. तारा ठीक होत्या." त्याने कानाला हात लावला. "प्रेसचा धडधडाट. पहिली दहा वर्षं कानात बोळेसुद्धा घालत नव्हतो आम्ही. मर्दानगी वाटायची. गेल्या महिन्यात जाऊन तपासून आलो. नस गेली म्हणाला डॉक्टर. परत येत नसते. यंत्र लावा म्हणाला."

"मग लावायचं!"

"आणि कारखान्यात? प्रेसवरून उचलून कुठे तरी कोपऱ्यात बसवतील. पोरं मागून काहीही बोलतील आणि मी मान डोलवीन. ठेवू कशाला ते व्हायोलिन? रोज पेटी दिसते आणि रोज आठवतं."

"आणि मी?" तिचा आवाज चढला. मग आठवून तिने तो पुन्हा खाली आणला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "शुक्रवारी मी तुम्हाला विचारलं, आजारी आहात का. इथे, या नळाशी उभी राहून. तुम्ही पान उलटलंत. मी दोन दिवस मनात तुम्हाला स्मशानात पोचवून आले."

तो बघतच राहिला. "विचारलंस?"

"विचारलं."

"मला वाटलं," तो म्हणाला आणि थांबला. "मला वाटलं, नळच चालू आहे नुसता."

त्याने तोंड हाताने झाकून घेतलं. ती त्याच्याजवळ उभी राहिली.

बाहेरून बाई खाकरल्या. "मी नंतर येऊ का?"

"बाई हाक मारताहेत," तिने सांगितलं. "काय सांगू त्यांना?"

"तू नको. मी सांगतो." तो उठला आणि दार उघडून बाहेर गेला. ती मागोमाग गेली.

"बाई," तो म्हणाला, "ती वरची तार मला नीट ऐकू येत नाही. आजकाल बरंच काही येत नाही. मघाशी तुम्ही काय विचारलंत, तेही मला कळलं नव्हतं. मी आपलं ठोकून दिलं."

बाईंनी व्हायोलिन अलगद पेटीत ठेवलं. "मला तशी शंका आली," त्या त्याच्याकडे तोंड करून म्हणाल्या.

"आज मी विकत नाही. विकणारच नाही असं नाही. पण आज विकलं तर ते घराबाहेर ढकलल्यासारखं होईल."

"माझ्याकडे वेळ कमी आहे," बाई म्हणाल्या. "मी दुसरीकडेही बघणार. तुमच्यासाठी थांबेन असं वचन देत नाही."

"नका देऊ."

त्यांनी नंबर लिहून ठेवला आणि त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात तो स्वतःच कारखान्याच्या डॉक्टरकडे गेला आणि सांगून मोकळा झाला. त्याला जे वाटत होतं तेच झालं. प्रेसवरून त्याला काढलं आणि डब्यांचे जोड तपासायच्या विभागात बसवलं. तो दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाला, "तिथे काम करणाऱ्यांना जोड म्हणजे काय हेच माहीत नाही," आणि मग तासभर तेच सांगत बसला. तिला जरा हायसं वाटलं.

यंत्रं आली, दोन्ही कानांना. पहिल्या दिवशी त्याने पेपरची घडी घातली आणि तो आवाज ऐकून स्वतःच दचकला. मग तिला म्हणाला, "तू एवढ्या मोठ्याने चालतेस?" लेकीशी फोनवर बोलला तेव्हा पलीकडे लेक रडत होती आणि हा तिला विचारत होता, "सर्दी झाली का गं?"

पण व्हायोलिन! पहिल्यांदा गज लावला आणि त्याचा चेहरा पडला. "रिकामा डबा," तो म्हणाला. "आमच्याच कारखान्यातला." यंत्र बसवणाऱ्या माणसाकडे त्याने तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला व्हायोलिन बरोबर नेलं आणि तिथे रांगेत बसलेल्या लोकांसमोर वाजवून दाखवत एकेक बटण फिरवून घेतलं. खालच्या तीन तारा परत आल्या. वरची आली ती अर्धवट, थोडी पातळ, पण आली.

एका रविवारी सकाळी त्याने सलग तासभर वाजवलं. ती दाराआड उभी राहून ऐकत होती. संपलं एकदाचं, असं तिला वाटलं. आता व्हायोलिन कुठे जात नाही.

त्याने व्हायोलिन पुसून पेटीत ठेवलं आणि तिला हाक मारली. "आता विकू या."

"काय?" ती आत आली. "वेड लागलंय का तुम्हाला? आता ऐकू येतंय ना!"

"येतंय म्हणूनच. बस इथे." त्याने तिला खुर्ची ओढून दिली. "त्या दिवशी त्या बाईंनी खालच्या तारांवर वाजवलं ना, तेवढं मला ऐकू आलं होतं. मामाच्या हातात वाजायचं तसं. माझ्या हातात ते कधीच तसं वाजलेलं नाही, कान चांगले होते तेव्हासुद्धा. मामाकडे ते रोज वाजायचं. मी त्याला वर्षातून चारदा बाहेर काढतो आणि मोठं काही केल्यासारखा मिरवतो."

"म्हणून काय झालं? आपलं आहे ते."

"हो, आपलं आहे, म्हणून तर आपण ठरवू शकतो. त्या दिवशी मी विकत नव्हतो, लपवत होतो. आज कुणाच्या हातात जातंय ते बघून देतोय."

ती बराच वेळ त्याच्याशी वाद घालत राहिली. तुमचा विचार फिरेल म्हणाली, लेकीला काय वाटेल म्हणाली, मग नुसतीच रडली. त्याने सगळं ऐकून घेतलं. एकदाही म्हणाला नाही, की ऐकू आलं नाही. शेवटी तिनेच नंबरचा कागद शोधून त्याच्या हातात दिला.

बाईंना मनासारखं व्हायोलिन अजून मिळालं नव्हतं. कार्यक्रमासाठी त्या कुणाचं तरी उसनं वाजवत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या आणि पेटी घेऊन गेल्या. तो त्यांच्याबरोबर खाली रस्त्यापर्यंत गेला. वर आला तेव्हा डोळे लाल होते. दोघं बाहेर पडली आणि अंधार पडेपर्यंत उगाच चालत राहिली.

काल बाईंनी कार्यक्रमाच्या दोन प्रवेशिका पाठवल्या. जायचं की नाही, हे त्याने अजून सांगितलेलं नाही. बघू म्हणतो. फक्त सकाळी दाढी करता करता त्याने विचारलं, "ते मोठे नगारे बडवणारे कुठल्या अंगाला बसतात गं? डाव्या की उजव्या? माझा डावा कान जरा बरा आहे, तो व्हायोलिनकडे राहायला हवा."