स्केल्डनचा खोटा मुकुट

"हलू नकोस गं! केसांत शिवतेय मी, उशीत नाही," दातांत पिना धरून एनिड म्हणाली.

"टोचतंय, मावशी!" ब्रायनी आरशातून ओरडली.

"टोचू दे. स्केल्डनच्या लेडीसाहेब हा मुकुट घालून रात्रभर नाचल्या. त्यांनी हूं की चूं केलं नाही."

"त्यांना खऱ्याची सवय होती!"

"तेच तर सांगतेय. तरी हाच घालून नाचल्या."

गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. स्केल्डनच्या थोरल्या घराचं छप्पर गळायला लागलं, त्यात साहेब वारले आणि वारशावरचा सरकारी कर बोकांडी बसला. मग लेडीसाहेबांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा हिऱ्यांचा मुकुट गुपचूप विकला. विकण्याआधी बर्मिंगहॅमच्या कारागिराकडून काचेचा हुबेहूब दुसरा करून घेतला आणि त्या हिवाळ्यात शिकारीच्या हंगामातल्या नाचाच्या मेजवानीला तोच घालून, मान ताठ ठेवून गेल्या. बिशपपासून मोटारवाल्यापर्यंत प्रत्येकाला ठाऊक होतं. पण एकानेही अवाक्षर काढलं नाही. यॉर्कशरच्या त्या भागात माणसं अशीच आहेत, पोटातलं ओठावर येऊ देत नाहीत.

म्हातारपणी लेडीसाहेबांनी तो आपल्या खास मोलकरणीला, म्हणजे एनिडच्या आईला, देऊन टाकला. गावातल्या मुलींना लग्नात घालू दे म्हणाल्या. नियम मात्र त्यांच्याच घराण्यातला राहिला: कुमारिकेने मुकुट घालायचा नाही, डोक्याला लागेल तो लग्नाच्या सकाळीच. आईमागे मुकुट सांभाळायचं आणि घालून द्यायचं काम एनिडकडे आलं. तिचं लग्न डेअरीतल्या एका माणसाशी ठरता ठरता राहिलं, ते राहिलंच. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिने सजवल्या. मुकुटाची तार वाकडी झाली की पुडिंगचं भांडं पालथं घालून त्यावर ती तो बसवायची आणि सरळ करायची. दार लावून कधीतरी तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवून पाहिला असेल, असं कुणाला वाटेल. पण एनिड त्यातली नव्हती.

ब्रायनी शेजारची. बाप हल शहरात निघून गेला तो गेलाच, आणि आई ग्लेनिस वृद्धाश्रमात पाळ्या करायची. पोर शाळेतून आली की मागची भिंत ओलांडून एनिडच्या स्वयंपाकघरात. टोस्टवरच्या घेवड्याच्या बिया, पाढे, गोवर, पहिलं प्रेम, पहिलं रडं, सगळं तिथेच झालं.

आणि वसंतात ब्रायनीच्या लग्नाची पत्रिका एनिडला आली. संध्याकाळी साडेसातनंतर, नाचगाणं आणि अल्पोपाहार.

तिकडे पाहुणे दोन प्रकारचे असतात. घरचे आणि जिवाभावाचे चर्चला येतात, जेवायला बसतात. ऑफिसातली माणसं, पोस्टमन, केस कापणारी बाई, ही सगळी संध्याकाळची.

ग्लेनिस भिंतीवरून म्हणाली होती, "नवऱ्या मुलाकडची माणसं म्हणजे नुसती जत्रा हो, एनिड! आणि तुम्ही तर सकाळपासून आमच्याकडेच असणार. म्हटलं, तुम्हाला काय त्या कार्डाचं!"

"छानच की," एनिड म्हणाली आणि कपडे वाळत घालायला वळली.

तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तिला जेवण नको होतं, फोटो नको होते. चर्चमध्ये वधूच्या बाजूच्या बाकावर बसायचं होतं, बस. ब्रायनीच्या लक्षात येईल म्हणून ती वाट पाहत राहिली. आणि ब्रायनीला वाटत होतं, एनिडमावशी असणारच, ती कुठे जातेय! एकीने विचारलं नाही, दुसरीच्या डोक्यातही आलं नाही.

"झालं," शेवटची पिन खोचून एनिड म्हणाली. "आता वारा आला तरी हलायचा नाही."

"आता मुकुट घालतानाचा फोटो!" फोटोवाली दारातून म्हणाली. "फक्त घरचे थांबा हं. आजी, तुम्ही जरा बाहेर होता का?"

ग्लेनिसने लगबगीने येऊन मुकुटाला दोन्ही हात लावले. ब्रायनी तोंड रंगवून घेत होती, तिचे डोळे मिटलेले होते. एनिड पिनांचा डबा घेऊन जिन्यात उभी राहिली.

मोटारीतून उतरल्यावर मुकुट एकदा नीट करावा लागतो, म्हणून एनिड दरवेळी चर्चच्या दाराशी थांबायची. आज वाराही बेफाम होता. दारात नवऱ्या मुलाचा कुणी लठ्ठ काका, कोटाला फूल लावून, येणाऱ्यांना जागा दाखवत होता.

"वधूकडच्या की वराकडच्या?" त्याने रीतीप्रमाणे विचारलं.

"मी मुकुटाबरोबर आलेय," एनिड म्हणाली.

तो खो खो हसला. बाई गमतीची आहे, असं त्याला वाटलं असावं.

मोटार आली. ब्रायनी मामाचा हात धरून उतरली, ओढणी वाऱ्यावर फडफडत होती. एनिडने चवड्यांवर उभं राहून एक पिन काढली, पुन्हा खोचली.

"बरी दिसतेय ना गं मी?"

"दिसतेस. पोट आत घे."

आत ऑर्गन सुरू झाला. ब्रायनी पाऊल टाकता टाकता थबकली आणि तिने हनुवटी पुढे केली. एनिडचा तळहात आपोआप वर आला. ब्रायनीने तोंडातलं च्युइंग गम त्यात थुंकलं. ना विचारलं, ना पाहिलं. सात वर्षांची असताना शाळेच्या फाटकाशी करायची, अगदी तसंच. मग ताठ मानेने आत गेली.

काका दार लावायला आला. त्याने एनिडकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं.

"अहो, या ना आत. वधूकडच्या बाकावर जागा आहे."

"नको. माझं आमंत्रण संध्याकाळचं आहे."

आत थंडी जात होती. त्याने दार हलकेच ओढून घेतलं.

आत पहिलं स्तोत्र सुरू झालं. फाटकाशेजारी कचऱ्याचा डबा होता. एनिड तिकडे गेली नाही. दाराबाहेर उभी राहून, मूठ मिटून, ती हळू आवाजात स्तोत्र म्हणू लागली. मुठीतला ऐवज अजून गरम होता.