उजेडापासून जपलेली पेटी

केळी झाडावर पिकू देत नाहीत. घड हिरवा असतानाच उतरवायचा, बिनखिडकीच्या खोलीत रचायचा, कोपऱ्यात गोवऱ्यांचा धूर करायचा, दार ओढून फटी शेणामातीनं लिंपून टाकायच्या. मग माल तयार होईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. मध्येच उघडलं तर अर्धा घड पिवळा, अर्धा हिरवा आणि मधला काळा.

*

क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. हवा ते वरच्यावर गिळून टाकते. आपण जिवंत आहोत ते त्यामुळे. आणि ज्याला ते किरण मोजायचे आहेत त्याला उपकरण फुग्याला बांधून आभाळात सोडावं लागतं तेही त्यामुळेच.

*

छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. अरविंद खकनारच्या शाळेत मास्तर; तिथल्या सगळ्या मराठी मास्तरांना हिंदीची परीक्षा द्यावी लागली. तो पहिल्याच खेपेला पास झाला. तेव्हापासून गावात आलेला प्रत्येक हिंदी कागद त्याच्याकडे वाचायला यायचा, आणि तो मोठ्यानं वाचायचा.

*

काही ताऱ्यांभोवती वायू फिरत असावा, शेजारच्या ताऱ्याकडून ओरबाडून घेतलेला. ताऱ्यावर पडता पडता तो इतका तापत असावा की त्यातून साधा उजेड निघण्याऐवजी क्ष-किरणच निघत असावेत. असावेत. ही गोष्ट घडली त्या वर्षापर्यंत कुणी छातीठोकपणे सांगितलं नव्हतं.

*

खकनारजवळच्या एका केळीच्या बागेत सकाळी सकाळी पांढरी हवाई छत्री पडली. छत्रीखाली पेटी.

*

पेटी नंदकुमारची होती. तो बऱ्हाणपूरचा, सिंधीपुऱ्यातला. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत तो ताऱ्यांचे क्ष-किरण मोजायचा. फुगा त्यांनी तिकडूनच सोडला होता. वारा ठरल्यापेक्षा वेगळा निघाला आणि पेटी नेमकी त्याच्या मुलखात येऊन पडली. "तुझी भाषा, तुझी माणसं, तूच जा," असं सांगून त्याला पाठवलं.

मोजलेले आकडे रेडिओवरून आधीच खाली आले होते. ते कोणत्या ताऱ्याचे, हे मात्र पेटीतल्या फिल्मवर होतं. फुगा वर हेलकावे खात गोल फिरतो. उपकरणाचं तोंड कोणत्या क्षणी कुठं होतं हे कळावं म्हणून शेजारी एक कॅमेरा आभाळाचे फोटो काढत राहतो. फिल्म मिळाली तर ताऱ्याभोवतीचा वायू नंदकुमारनं दाखवून दिला असं होणार होतं. फिल्म गेली तर दोन वर्षांचं काम म्हणजे नुसती आकड्यांची रद्दी.

तो बऱ्हाणपूरला उतरला, घरी गेला नाही, तसाच खकनारची बस धरली.

*

खकनारला बसपाशी अरविंद उभा. पेटी सापडल्याची तार त्यानंच केली होती. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले.

"नंद्या, आधी चहा घे. काळजी करायचं काम नाही. पेटीवर लिहिलंय तस्संच केलंय. बंद रखिए, उलटाइए मत, प्रकाश से बचाइए. सगळ्या शिवारात याहून अंधारी जागा सापडणार नाही."

"कुठली जागा?"

"बाग जिची, त्या धुरपदाबाईची केळी पिकवायची खोली. पेटी आत ठेवली आणि माझ्यासमोर दार लिंपून घेतलं. सुईएवढा उजेड आत जायचा नाही."

"आत धूर आहे?"

"असणारच की. तू शहरात राहून केळी कशी पिकतात ते विसरलास होय?"

नंदकुमारनं चहाचा कप खाली ठेवला. "अरविंद, तू शाळेत काय शिकवतोस?"

"विज्ञान. आठवीपर्यंत."

"फिल्म उष्णतेनं खराब होते. धुरानं होते. तुझ्या त्या खोलीत दोन्ही आहेत. हे आठवीपर्यंत येत नाही वाटतं?"

"हिंदीत तसं काही नव्हतं रे."

"इंग्रजीत आहे. थंड जागी ठेवा म्हणून."

"इंग्रजी खालच्या अंगाला असेल. उलटायची नाही म्हणून आम्ही बघितलंच नाही."

पेटीवरच्या सूचनांच्या पत्र्यावरची हिंदी नंदकुमारचीच होती. तू मध्य प्रदेशातला, तुझी हिंदी चांगली असणार, असं म्हणून संस्थेत ते काम त्याच्याकडे आलं होतं. पत्रा लहान पडला, रंगारी म्हणाला एक ओळ कमी करा, आणि त्यानं थंड जागेची ओळ काढली. पेटी वर गोठून येणार, तिला थंडाव्याची काय गरज, असं त्या वेळी त्याला वाटलं होतं.

"तुझ्याकडून अक्कल वापरायची अपेक्षा केली," तो अरविंदला म्हणाला, "एवढीच माझी चूक."

*

धुरपदाबाई खोलीच्या दारासमोरच खाट टाकून बसली होती. लिंपण वाळून त्याला बारीक भेगा पडल्या होत्या; ती मधूनमधून उठून ओला हात फिरवायची.

"पेटी तुमची, कबूल. खोली माही हाये," ती म्हणाली. "परवा गिरधरशेठचा ट्रक येतो. माल भरला का पेटी घेऊन जा. तवरोक जेवा-खावा, आंघोळ करा. तारा काय पळून चालला का?"

"बाई, आत तासातासाला माझं नुकसान होतंय."

"अन् दार उघडलं तं माहं होते. मंग कोणाचं होऊ द्याचं, तुम्हीच सांगा."

नंदकुमार अरविंदकडं वळला.

"सरकारी वस्तू आहे ही. सापडली तर कळवून सांभाळायची असते. तू ती धुरात कोंडलीस. तहसीलमध्ये जाऊन सांगू? मराठी मास्तर किती उरलेत रे तुमच्या शाळेत?"

अरविंद हसायला बघत होता. "नंद्या, थट्टा कर, पण..."

"तू ठेवलीस. तूच काढ."

"मला इथं राहायचंय. हिची पोरगी माझ्या वर्गात आहे."

"मग चांगलंच. नोकरी राहिली तर वर्ग राहील."

अरविंद दाराजवळ गेला. आधी त्यानं नखानं एक खपली काढली आणि मागं बघितलं. कुणी थांबवेल असं त्याला वाटलं असावं. नंदकुमार घड्याळाला किल्ली देत होता. धुरपदाबाई खाटेवरून उठली नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्हीच लिंपायले लावलं न?"

"हो बाई."

"मंग नीट काढा. भितीले खड्डा पाडू नका."

त्यानं फटीत बोटं घातली आणि लिंपण वरून खालपर्यंत सोलत आणलं. दार आत ढकललं तसा धूर त्याच्या तोंडावर आला, अंगणभर झाला, केळीच्या पानांवरून वर गेला. अरविंद खोकत खोकत खाली बसला. नंदकुमार तोंडाला रुमाल बांधून आत शिरला आणि पेटी छातीशी धरून बाहेर आला. पेटी ऊबदार होती. पडताना तिचा एक कोपरा फाटला होता. त्या भोकाभोवती काजळी जमली होती.

धुरपदाबाई आत जाऊन आली. तिच्या हातात एक फणी होती. केळी देठाकडं पिवळी, टोकाला हिरवी.

"गेलं," ती म्हणाली, आणि फणी अरविंदच्या मांडीवर ठेवली. "घ्या मास्तर. पोराले द्या."

*

संस्थेत परत जाईपर्यंत नंदकुमारला दम नव्हता. बऱ्हाणपुरात, शनवाऱ्यात पंडितचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या काळोख्या खोलीत नंदकुमारनं फिल्मचा शेवटचा तुकडा कापला, स्वतः धुतला. पट्टी सगळी एकसारखी करडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानं मधला तुकडा कापला. तोही तसाच. मग त्यानं उरलेली सगळी धुतली.

पंडित पट्टी दिव्यासमोर धरून बघत राहिला. "लग्नाचे होते का साहेब?"

"हो."

"च्. मग नवरा-नवरीला सांगा, परत एकदा उभे राहा. आजकाल राहतात लोक."

*

खकनारला परत जायचं आता काहीच कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

शाळेत अरविंदचा तास चालू होता. नंदकुमार न विचारता वर्गात आला. पोरं उठून उभी राहिली.

"बैठो, बैठो," अरविंद म्हणाला.

"मराठीतच बोला सर. हिंदीनं घोटाळे होतात." नंदकुमारनं खिशातून पट्टी काढली आणि पहिल्या बाकावर दिली. "मुलांनो, हा आभाळाचा फोटो आहे. जमिनीवरून असा निघत नाही. तुमच्या सरांनी फार जपून ठेवला होता. खिडकीशी धरून नीट बघा आणि मागं द्या."

पट्टी बाकावरून बाकावर गेली. पोरं एक डोळा मिटून बघत होती. फळ्यावर अर्धवट काढलेलं निवडुंगाचं चित्र होतं, अरविंद त्याच्यापुढं खडू घेऊन उभा होता. त्याची बोटं टोकांशी अजून सोललेली होती.

धुरपदाबाईची कोकिळा शेवटच्या बाकावर. तिनं पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"सर, याच्यात तारे कुठं हायेत?"

अरविंदनं नंदकुमारकडं बघितलं. नंदकुमार खिडकीला टेकून हाताची घडी घालून उभा होता, इन्स्पेक्टर उभे राहतात तसा.

"सांगा सर. पोरगी विचारतेय."

"नाहीत," अरविंद म्हणाला.

"का नाहीत?"

"मी," अरविंद म्हणाला, आणि त्याला खोकला आला.

"मोठ्यानं. मागं ऐकू जात नाही."

"मी चुकीच्या जागी ठेवले."

नंदकुमारनं मान डोलावली. पट्टी त्यानं परत मागितली नाही. तो जाताना पोरं पुन्हा उठून उभी राहिली.

*

गिरधरशेठचा ट्रक आला आणि रिकामा गेला. केळी गुरांपुढं टाकली. कोकिळा काही दिवसांनी शाळेत यायची बंद झाली. तिच्या आईनं तिला काढलं. वर्षभरात दूर कुठल्याशा देशातल्या लोकांनी त्याच ताऱ्याचे किरण मोजले, दिशेसकट. नंदकुमारच्या लेखी ती पट्टी शेवटपर्यंत एका मास्तरनं घालवली.

*

पेटी पडली त्या सकाळी, अरविंद बागेत यायच्या आधी, धुरपदाबाईनं ती घरात माठाशेजारी गारव्याला, ओल्या पोत्याखाली ठेवली होती.