चार मात्रा गप्प

मित्रांनो, माझ्या पोटात बँडच्या चौसष्ट चाली आहेत आणि मला त्यातली एकही येत नाही. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. पेटी म्हटलं की काही लोकांना हार्मोनियम आठवते आणि ते माझ्याकडून गाण्याची अपेक्षा धरतात. मी गात नाही. उघडताना कुरकुरते, तेवढंच.

माझा जन्म अकोल्याचा. खुशालराव नावाच्या कारागिरानं पत्रा ठोकून मला घडवलं, हिरवा रंग दिला आणि झाकणावर मोर काढला. मोराला त्यांनी तीन पाय काढले, कारण दोन पायांवर तो कललेला दिसत होता. मला एका लग्नात नवरीसोबत सासरी जायचं होतं. पण ऐन वेळी नवरीच्या मामानं लोखंडी कपाट आणलं आणि मी मांडवात तशीच राहिले. वरात निघताना बँडवाल्यांनी आपल्या टोप्या माझ्यात भरल्या आणि मला हातगाडीवर चढवलं. मला कुणी विचारलं नाही. 

त्या बँडमध्ये बाळापूरचे इनायतुल्ला मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. पुढे लग्नांत डीजे आला आणि बँडपार्टी मोडली. त्याच सुमारास अकोल्यातल्या एका शाळेला बँड शिकवणारा माणूस हवा होता. शाळेची अपेक्षा एक ढोल आणि एक बिगुल, एवढीच होती. मास्तर चार कॉर्नेट, तीन क्लॅरिनेट, तीन ढोल, एक युफोनियम आणि मला घेऊन हजर झाले. कॉर्नेट म्हणजे पितळेचा आखूड कर्णा, आणि युफोनियम म्हणजे पितळेचंच, पोट सुटलेलं मोठं वाद्य. ते मांडीवर घेतलं की मागचं मूल दिसत नाही, फक्त त्याचे बूट दिसतात.

तेव्हापासून टोप्यांच्या जागी माझ्यात कागद आले. मास्तर चाली स्वतः बसवायचे आणि सा-रे-ग-म मध्ये लिहायचे. प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा. एका चालीचे सगळे कागद एका वेष्टनात.

माझे सुखाचे दिवस म्हणजे जूनचे. जूनमध्ये वर्षाची चाल निवडली जायची. इतर शाळा प्रमुख पाहुणे कोण आहेत ते बघून चाल निवडतात. मास्तर दात बघून निवडायचे. मुलांना रांगेत उभं करून ते म्हणायचे, "आ कर."

"मास्तर, मी सकाळीच घासले."

"घासले का नाही ते तुह्या मायनं पाहावं. हलते कोनते ते मले पाहू दे."

कारण पितळी वाद्य ओठांवर टेकतं आणि ओठ दातांवर टेकतात. समोरचा दात हलत असेल तर वरचा सूर निघत नाही, वाफ निघते. दात मोजून झाले की मास्तर माझ्यातून एक चाल काढायचे आणि बँडमधल्या सगळ्यात कच्च्या मुलाच्या हातात द्यायचे. हुशार मुलं हात वर करून करून थकायची. "तू काहीही वाजवतं," मास्तर त्यांना म्हणायचे. "तुह्यावरून मले चाल कशी समजन?"

कच्चं मूल पाचव्यांदा अडलं की चाल परत पेटीत. पण नुसती परत नाही. वेष्टनावर कारण लिहून. 'सन २००७. चाल चांगली. डोमाजीचा दम पुरत नाही. पुढच्या वर्षी बघू.' 'सन २०१०. उजैरचे दोन दात गेले. पुढच्या वर्षी बघू.' पुढच्या वर्षी बघू अशा अकरा चाली माझ्या तळाशी आहेत. त्या अजून वाट बघतात. त्यांना सांगायला माझं मन होत नाही.

एखादी चाल मास्तरांना फारच आवडली तर ते चाल परत न ठेवता तिला कात्री लावायचे. 'मोर्णा मार्च' ही त्यांचीच चाल. सन २०१२ मध्ये भावना नावाच्या मुलीला तिच्यातला वरचा नी जमेना. मास्तरांनी नी काढून टाकला, सगळ्यांच्याच कागदांवरून. भावना शाळा सोडून गेली, नी काही परत आला नाही. पुढची दहा वर्षं आमच्या शाळेत सहाच सूर होते. एकदा एका तपासणी अधिकाऱ्यानं राग निवडल्याबद्दल कौतुकही केलं.

मग मास्तर थकले आणि बाळापूरला घरी बसले. मला खिचडीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी ठेवण्यात आलं. शिपाई महादेवराव माझ्यावर बसून तांदूळ निवडायचे. दोन वर्षांत माझ्या पोटातलं कुणी काही काढलं नाही. मित्रांनो, बसण्याचा उपयोग होतो म्हणून कुणी टाकून देत नाही, एवढीच तेव्हा माझी किंमत होती.

त्यानंतर स्वप्निल सर आले. ते आमच्याच शाळेचे. सन २००९ मध्ये सातवीत असताना कॉर्नेट वाजवायचे. नंतर अमरावतीला राजापेठेत संगीताचा क्लास केला आणि मोठ्या उमेदीनं परतले. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना 'पातूर घाट' या चालीची गोष्ट सांगितली.

"आम्ही ती अमरावतीला विभागीय स्पर्धेत वाजवली. चाल घाटासारखी चढत जाते, चढत जाते, आणि एकदम चार मात्रा सगळा बँड गप्प! अख्ख्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. याला म्हणतात कला. आपणही यंदा असंच काहीतरी भारी करायचं."

भारी म्हणजे त्यांनी संगणकावरून एक परदेशी पीस काढला. कुठल्याशा राजाच्या राज्याभिषेकाचा. त्यात बेचाळीस वाद्यं होती. आमच्याकडे मुलं अकरा. बासून नावाच्या वाद्याचा कागद कुणाला द्यावा ते कळेना, म्हणून महादेवरावांकडे सांभाळायला दिला. त्यांनी त्यावर डबा ठेवायला सुरुवात केली. बेचाळिसांपैकी एवढाच एक कागद पहिल्या दिवसापासून नीट चालला.

युफोनियम दीक्षाकडे होतं. सातवीतली दीक्षा चांगली वाजवायची. पण जुलैमध्ये खो-खो खेळताना तिचा समोरचा दात खांबावर आपटून अर्धा तुटला. खांबाला काही झालं नाही. तेव्हापासून तिचे खालचे पाचच सूर लागत, सा ते प. पीसच्या दुसऱ्या पानावर मात्र युफोनियम वर जायचं, आणि तिथं दीक्षाकडून वाफ यायची. सरांनी तिला पंधरा दिवस दिले. मग हळूच म्हणाले, "दीक्षा, यंदा तू शाळेचा बोर्ड धर."

"बोर्ड वाजते का सर?"

"तू सगळ्यांच्या पुढे चालशील."

"पुढं चालून काय करू? सगळ्या गल्लीले सांगून ठेवलं मी, अमरावतीले युफोनियम वाजवून राहिली म्हून. आता काय सांगू, पाटी धरून राहिली?"

सरांनी बोर्ड तिच्या हातात दिला. आमची शाळा सातवीपर्यंतच. दीक्षा पुढे ज्या शाळेत जाणार होती तिथं बँड नव्हता. वाजवायचं तर याच वर्षी.

बोर्ड ठेवायला ती खिचडीच्या खोलीत आली. महादेवराव माझ्यावर बसले होते.

"काका, उठा."

"काहून?"

"मले बसाचं हाये."

"मंग बस न. दोघंय बसू."

"रडाचं हाये."

महादेवराव सूप घेऊन बाहेर गेले. दीक्षा बसली, रडली, आणि रडून झाल्यावर काहीतरी करायचं म्हणून तिनं मला उघडलं. मी कुरकुरले. ती एकेक वेष्टन वाचू लागली. डोमाजीच्या दमाला हसली, उजैरच्या दातांना हसली नाही. मग तिच्या हाती 'पातूर घाट' आली. त्यातला मास्तरांचा स्वतःचा, कुणा मुलाला कधी न दिलेला कागद तिनं तीनदा वाचला आणि तो घेऊन थेट मैदानावर सरांकडे पळाली. झाकण उघडंच राहिलं. खिडकीतून मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.

कागदावर मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कॉर्नेट दोन. स्वप्निलसाठी. घाट चढता चढता पोराले दम लागते. इथं चार मात्रा गप्प. सगळ्यांनीच गप्प राहावं, म्हंजे त्याचं एकट्याचं दिसनार नाही.'

सरांनी ते वाचलं. त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथं त्यांचा पंप असतो.

"सर, तुमाले दमा होता?"

"होता. आहे."

"तुमच्यासाठी सगळा बँड गप्प राहिला," दीक्षा म्हणाली. "मंग माह्या दाताचं काय?"

सरांनी कागदाची घडी घातली. ते खिचडीच्या खोलीत आले, माझ्यासमोर पोत्यावर बसले आणि त्यांनी बाळापूरला फोन लावला. स्पीकरवर.

"मास्तर, तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"काय सांगाचं होतं बेटा? दमा तुलेच होता. मले वाटलं, तुले मालूम असन."

"पण लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या!"

"त्याईले वाटलं, संपलं."

सरांनी खिशातून पंप काढून ओढला. त्याला बरोबर चार मात्रा लागल्या. मग म्हणाले, "मास्तर, यंदा चाल कोणती निवडू?"

"चालीचं मंग पाहू. पहिले सांग, कोनतं पोट्टं बाहेर बसून हाये?"

दारात दीक्षा उभी होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "युफोनियम."

"त्याच्यापासून सुरू कर," मास्तर म्हणाले.

त्या दुपारी बेचाळीस वाद्यांचा पीस माझ्या पोटात आला. महादेवरावांनी बासूनचा कागद जड मनानं परत केला. वेष्टनावर सरांनी लिहिलं, 'पीस चांगला. मुलं अकरा. पुढच्या वर्षी बघू.' आणि माझ्यातून 'मोर्णा मार्च' बाहेर निघाली. सरांनी नवा कागद लिहिला. 'युफोनियम. दीक्षासाठी. सा ते प. चाल वर चढते तिथं सगळ्यांनीच खाली यावं.' भावनाचा नी आधीच गेलेला, त्यात आता हे. उन्हाळ्यात मोर्णा नदीत जेवढं पाणी उरतं, साधारण तेवढेच सूर चालीत उरले.

डिसेंबरात आम्ही अमरावतीला स्पर्धेला गेलो. मीसुद्धा गेले, कागद न्यायला दुसरं काही नव्हतं. मला मैदानाच्या कडेला ठेवलं होतं. चाल चढू लागली, आणि जिथं कॉर्नेटनी आणखी वर जायचं तिथं सगळे एकदम खाली आले, दीक्षापाशी. त्या सगळ्यांच्या तळाशी तिचा प लागला. मोठा, गोल, जरासुद्धा वाफ नसलेला. मित्रांनो, मला सूर कळत नाहीत, हे मी आधीच सांगितलं. पण पत्रा आहे. पत्रा थरथरतो. त्या दिवशी मी कडीपासून तळापर्यंत थरथरले.

परीक्षकांनी सरांना बोलावून विचारलं, "ही चाल ऐन वेळी खाली का येते?"

"तिथं आमची एक मुलगी आहे," सर म्हणाले.

परीक्षकांनी त्याचे गुण दिले नाहीत. रकाना नव्हता. नऊ शाळांत आमचा नंबर चौथा आला. महादेवरावांनी परतीच्या गाडीत प्रत्येकाला पटवून दिलं की आपल्या मागं पाच शाळा आहेत.

अकोल्याला पोचल्यावर दीक्षा आपला कागद ठेवायला स्वतः आली.

"सर, पुढल्या वर्षी हा कोनाले द्यान?"

"तुझ्या नावाचा आहे. कुणाला देऊ?"

"द्या न कोनालेही. फक्त नाव नका खोडू."

सरांनी नाव खोडलं नाही. दीक्षाही पुढच्या शाळेत गेली, तिचा दातही डॉक्टरांनी नीट करून दिला म्हणतात. कागद माझ्याकडे आहे.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत कुठल्याशा खोलीत अशी एखादी गंजकी पेटी असेल. भंगारात देण्याआधी तिला एकदा उघडा. कडीला तेलाचे दोन थेंब सोडा, वाळवी लागली का बघा, कागद उन्हात फार वेळ ठेवू नका, इकडचं ऊन शाईसुद्धा पिऊन टाकतं. धूळ खुशाल झटका. पण एखाद्या कागदाच्या कोपऱ्यात कुणाचं नाव दिसलं तर ते तसंच राहू द्या. कुणीतरी कुणासाठी तरी थांबलं होतं, याची तेवढीच खूण उरलेली असते.