डनलॅरीच्या दाराचा दगड

मित्रांनो, ‘दगड’ हा शब्द तुम्ही कोणासाठी वापरता ते मला ठाऊक आहे. गणितात आपटलेल्या मुलासाठी, नाहीतर चार हाका मारूनही न उठणाऱ्या भावासाठी. मला त्याचा राग नाही. पण आमच्या डनलॅरी गावात एखाद्याला दगड म्हणून बघा. तो मान ताठ करून विचारील, “कोणत्या खाणीचा?”

मी ऐल्सा क्रेगचा. भर समुद्रातलं बेट आहे ते. वर पक्षी राहतात, खाली आमचे नातेवाईक. मला तिथून काढून गोल तासलं, तळ घासून गुळगुळीत केला आणि डोक्यावर पितळी मूठ बसवली. आमचं काम एवढंच, की बर्फावरून घसरत जायचं आणि रंगवलेल्या वर्तुळांत, म्हणजे ‘घरा’त, थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण दगड घराच्या अलीकडे थांबला तर माणूस लाजतो आणि पलीकडे गेला तर वाऱ्याला दोष देतो. यालाच कर्लिंग म्हणतात.

त्या काळी आम्ही जोडीने विकले जात असू. आमची जोडी घेतली गॅव्हिन लॉरिमरने. गावाला पाव भाजून घालणारा माणूस, पण तळं गोठलं की गाव उपाशी. एका हिवाळ्याच्या अखेरीस भर सामन्यात बर्फ तडकलं. माझा जोडीदार तळाशी गेला आणि त्याच्यामागोमाग गॅव्हिनचा मेहुणा. मेहुण्याला ओढून बाहेर काढलं, तेव्हा गॅव्हिनने त्याला पहिला प्रश्न केला, “खाली दगड दिसला का रे?” मेहुण्याने वाईट वाटून घेतलं नाही. तोही कर्लिंगच खेळायचा.

त्या तळ्यावर मी काय कौतुक पाहिलं म्हणून सांगू! माझ्या वाटेवरचं बर्फ झाडूने घासायला पाद्री आणि दारूवाला खांद्याला खांदा लावून धावत. पुढचं बर्फ जितकं जोरात घासाल तितका दगड लांब जातो. अशी सेवा राजेलोकांनाही मिळत नाही. राजाला पुढे ढकलायची पाळी सहसा येत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग छपराखालचं, यंत्राने गोठवलेलं बर्फ आलं. क्लबाने एकसारखे दगड आणले आणि घरचे दगड बंद, असा नियम केला. गॅव्हिनची मुलगी एफी, आता एफी मॅकस्किमिंग, हिने मला क्लबाला देऊन टाकलं. क्लबाने मला बैठकीच्या खोलीच्या दाराला लावलं. ते दार माझ्या कारकिर्दीत एकदाही आपोआप मिटलं नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

एफी आत येताना वाकून माझ्या मुठीवर थाप मारायची. गेल्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि थाप बंद झाली. आता ती हातातल्या काठीने मला टक् करते. आमच्यात तेवढं पुरतं.

दगड टाकायला बर्फावर गुडघा टेकवून खाली बसावं लागतं. ते जमेना, म्हणून एफीने लांब काठी घेतली. तिचं टोक मुठीला अडकवायचं आणि उभ्याने चालत दगड ढकलून सोडून द्यायचा. एरवीच्या खेळात कोणाची हरकत नव्हती. पण हंगामाचा पहिला मानाचा सामना असतो किटलीचा. ढाल म्हणून एक पोचे पडलेली तांब्याची किटली मिळते आणि तिच्यासाठी डनलॅरीत सोयरिका मोडल्या आहेत. एफीने लग्नाआधीपासून एकही किटली चुकवलेली नव्हती.

नव्या हंगामाच्या नियमांची बैठक भरली ती सप्टेंबरात, नुकतं बर्फ घातल्यावर. चिटणीस निनियन डॅलग्लीश कलमं वाचत होता. हा निनियन लहानपणी तळ्यावर पहिल्यांदा घसरून पडला तो एफीच्याच पायाशी, आणि खेळ शिकला तोही तिच्याकडूनच. मोठेपणी त्याला नियमांचं वेड लागलं. बिस्किटं वाटायची तरी तो डावीकडून सुरुवात करी.

“कलम सात,” निनियन म्हणाला. “किटलीच्या सामन्यात काठी चालणार नाही. मिसेस मॅकस्किमिंग, यात व्यक्तिगत काही नाही.”

“काल मटणवाल्याकडे मी एफी होते,” एफी म्हणाली. “एका रात्रीत मिसेस झाले होय रे?”

“काठीने ढकलणं म्हणजे कर्लिंग नव्हे. तुम्हीच शिकवलंत मला, हात दगडाशी बोलला पाहिजे.”

“हात बोलतोच आहे की. गुडघ्याने अबोला धरलाय.”

अध्यक्षीण रोना टेलफर गुरांची डॉक्टर होती. अडलेल्या गाईला फार वेळ भाषण देऊन चालत नाही, हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, “बर्फ शेजारीच आहे. एफीला एक दगड टाकू दे. बघू कर्लिंग दिसतंय का.”

“दगड तळ घासायला पाठवलेत सगळे,” निनियन म्हणाला. “परवा येतील.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“हा?” निनियन म्हणाला. “हा दाराचा आहे. तळ गेलाय त्याचा. अर्ध्या वाटेत बसेल.”

“बसेल तर बसेल,” एफी म्हणाली. “घरात गेला तर?”

“तर कलम सात मागे घेतो.”

“आणि नाही गेला, तर किटलीच्या दिवशी मी चहा ओतीन. तक्रार करणार नाही.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. एफीच्या चहाची चव गावाला माहीत होती, पण कारण ते नव्हतं. एफी किटलीला मुकणार, हे होतं.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला बर्फ लागलं! दार माझ्यामागे धाडकन मिटलं, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. एफीने काठी मुठीला लावली, चार पावलं लंगडत चालली आणि मला सोडलं. हात बोलला. नेम अगदी तिच्या बापाचा होता. पण निनियनही खरं बोलला होता. माझा तळ खरखरत होता. अर्ध्या वाटेतच मला दम लागला. घर समोर दिसत होतं आणि मी तिथवर पोहोचणार नव्हतो.

काठी वेळेत सुटते की नाही हे तपासायला निनियन बाजूने चालत होता. त्याच्या हातात झाडू होता, कारण तो बर्फावर झाडूशिवाय पाऊल टाकत नसे. त्याने माझ्याकडे पाहिलं. दमत चाललेला, नेमका सरळ येणारा दगड. डनलॅरीच्या माणसाला हे बघवत नाही. पुढच्या क्षणी तो कमरेत वाकला होता आणि माझ्यापुढचं बर्फ असं घासत होता, की त्याची टोपी उडाली. मी हललो, सरकलो, रेषेवरून आत गेलो आणि घरात थांबलो.

लोकांनी भिंतीशी ठेवलेले झाडू उचलून बर्फावर आपटले. आमच्याकडे टाळ्या अशाच वाजतात.

निनियनने हात वर केला. धापा टाकत तो म्हणाला, “लागला. माझा झाडू दगडाला लागला.”

लागला होता. ओझरता, शेवटच्या हातभर अंतरात. कोणी पाहिलं नव्हतं. मला कळलं होतं, पण मी पडलो दगड. कर्लिंगमध्ये पंच बघत नाही, ज्याचा झाडू लागतो तोच सांगतो. न सांगणारा माणूस डनलॅरीत आजवर झालेला नाही, किंवा झाला असेल तर गाव सोडून गेला असेल.

“मग काय होतं?” रोनाने विचारलं.

“आपल्याच माणसाचा झाडू लागला तर दगड बाद.”

एफीने वाद घातला नाही. ती लंगडत आली आणि स्वतःच्या काठीने मला घराबाहेर ढकललं. “बाद म्हणजे बाद,” ती म्हणाली. “दूध किती घेता ते आत्ताच सांगून ठेवा.”

“थांब,” रोना म्हणाली. “निनियन, घराच्या अलीकडे दगडापुढे झाडायचा अधिकार कोणाला?”

“ज्याचा दगड, त्याच्याच गड्यांना. दुसऱ्याने झाडू लावायचा नाही.”

“मग तू कोण होतास?”

निनियन माझ्याकडे बघत राहिला. टोपी उचलून त्याने झटकली, पण डोक्यावर घातली नाही.

“एफीचा गडी होतो,” तो म्हणाला. मग खिशातून नियमांचा कागद आणि पेन काढून त्याने कलम सातवर उभ्याउभ्याच रेघ मारली. “जे कर्लिंग नाही, त्याच्यासाठी मी जन्मात कधी झाडू उचललेला नाही.”

“पण दगड बाद झाला रे,” एफी म्हणाली.

“दगड बादच आहे. कलमही बाद आहे.”

किटलीच्या दिवशी चहा निनियनच्या बायकोने ओतला. एफीचा संघ जिंकला आणि रिवाजाप्रमाणे हरलेल्यांना पहिला पेला एफीने पाजला. तिच्याच संघात तिच्या दगडांपुढे झाडून झाडून निनियनचे खांदे आखडले होते. स्वतःचा पेला त्याला डाव्या हाताने धरावा लागला.

सप्टेंबरातल्या त्याच बैठकीत आणखी एक कलम एकमताने मंजूर झालं. आगीच्या भीतीने कोणतंही दार दगड लावून उघडं ठेवायचं नाही. म्हणजे माझी नोकरी गेली. पण निनियनने त्याखाली स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली, की हंगामातला पहिला दगड म्हणून मलाच सोडायचं, आणि त्याआधी माझा तळ नीट घासून आणायचा. आता मी किटलीशेजारच्या फळीवर बसतो. किटली माझ्यापेक्षा जास्त चमकते, पण तिला घसरता येत नाही.

तर मित्रांनो, घरातली जुनी वस्तू दाराला लावण्याआधी तिचा तळ एकदा बघून घ्या. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसासाठी नियम लिहायला बसाल, तर जवळ झाडू ठेवा. आमच्या गावातली चांगली कलमं झाडूने लिहिली आहेत, पेन फक्त रेघ मारायला लागलं. माझी काळजी करू नका. मी ऐल्सा क्रेगचा आहे, थांबू शकतो. माणसांचे गुडघे तिथले नसतात.